जुना सोफा नव्याने करून घेताना

सोफ्याचे कापड विटले की घरातली चर्चा बहुधा रंगापासून सुरू होते: या वेळी मरून नको, पिस्ता घेऊ, पडद्यांना जुळले पाहिजे. खरे तर ही चर्चा सगळ्यांत शेवटी व्हायला हवी. सोफा बसायला कसा लागेल आणि किती वर्षे टिकेल, हे कापडाच्या आतल्या तीन गोष्टींवर ठरते. पहिली लाकडी सांगाडा, दुसरी त्यावर ताणलेले पट्टे किंवा स्प्रिंगा, आणि तिसरी फोम. कापड एकदा चढले की या तिन्ही गोष्टी पुढची आठ-दहा वर्षे कोणाच्या नजरेला पडत नाहीत, आणि हातचलाखी करायची झाली तर ती तिथेच केली जाते. म्हणून हे काम आतून बाहेर या क्रमाने समजून घेतलेले बरे.

आमच्या घरी आजोबांनी घेतलेला सागवानी सोफासेट आहे, तिघांचा एक आणि एकेरी दोन. तो आजवर तीनदा नव्याने करून झाला आहे. पहिल्या खेपेस आम्हीही रंगापासूनच सुरुवात केली होती. त्या खेपेच्या चुका पुढे जिथल्या तिथे सांगेन.

सांगाडा आधी तपासावा

करून घ्यायचे की काढून टाकायचे, हा निर्णय सांगाड्यावर अवलंबून आहे, आणि त्याची पहिली परीक्षा घरच्या घरी पाच मिनिटांत होते. तीन सीटच्या सोफ्याचा पुढचा एक कोपरा साधारण अर्धा फूट वर उचलावा. दुसऱ्या टोकाचा पुढचा पायही त्याबरोबर जमिनीवरून सुटला, तर सांगाडा एकसंध आहे असे समजावे. तो पाय जमिनीलाच टेकून राहिला आणि मधला भाग पिळवटल्यासारखा वाटला, तर सांधे ढिले झाले आहेत किंवा एखादी आडवी पट्टी तडकली आहे. सांधे ढिले असणे म्हणजे सोफा निकामी होणे नव्हे. सुतार ते उघडून, डिंक भरून, क्लॅम्प लावून पुन्हा घट्ट करू शकतो. मात्र त्याचा खर्च आणि दिवस वेगळे धरावे लागतात.

त्यानंतर सोफा पाठीवर आडवा करून खालच्या काळ्या कापडाचा एक कोपरा उसवावा आणि आत विजेरीचा झोत टाकावा. सागवान असेल तर शंकाच नको, कारण तसे लाकूड आज नव्याने विकत घ्यायचे म्हटले तर सोफ्याच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतील. अलीकडच्या शोरूममधल्या सोफ्यांत पाइन, प्लायवुड किंवा कारागीर ज्याला सरसकट ‘जंगली लाकूड’ म्हणतात ते स्वस्त मिश्र लाकूड सापडते. ते कोरडे आणि भरीव असेल तर एकदा नव्याने करून घ्यायला हरकत नाही. पार्टिकल बोर्डाचा सांगाडा असेल, तर मात्र माझ्या मते पैसे घालू नयेत. कापड ताणून त्याच पट्टीत शेकडो पिना पुन्हा ठोकाव्या लागतात आणि भुसा दाबून केलेली ती फळी दुसऱ्यांदा पिना धरत नाही, कडेने तिचा भुगा होऊ लागतो.

विजेरी हातात असतानाच कीड पाहून घ्यावी. लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके असतील आणि खाली मऊ पीठ साचलेले असेल, तर ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची खूण आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. जुनी भोके घाबरण्यासारखी नसतात. पीठ पुसून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि आठ-दहा दिवसांनी पाहावे. कागदावर ताजे पीठ पडले असेल, तर आत कीड जिवंत आहे आणि तिचा बंदोबस्त झाल्याशिवाय कापडाचा विचारही करू नये.

कारागीर निवडणे

हे काम करणारे लोक ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. गादी-पडद्यांची दुकाने कापड दाखवतात, ऑर्डर घेतात आणि काम बहुधा बाहेरच्या कारागिराला देतात. दुसरे स्वतंत्र कारागीर, जे हत्यारे घेऊन घरी येतात आणि गॅलरीत किंवा गच्चीवर बसून काम करतात. तिसरे म्हणजे कारखाना असलेले, जे टेम्पोने सोफा घेऊन जातात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या आसपास, मुंबईत ओशिवऱ्याच्या आणि पलीकडे उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात असे कारागीर एका जागी भेटतात. तरी घराजवळचा, नंतर एखादी शिवण उसवली तर परत येऊ शकेल असा माणूस मिळत असेल, तर तो आधी पाहावा.

घरी काम करवून घेण्याचा मोठा फायदा म्हणजे आत काय घातले जाते ते डोळ्यांसमोर दिसते. तोटाही आहेच. हवेवर चालणाऱ्या पिनगनच्या कॉम्प्रेसरचा आवाज होतो, अनेक सोसायट्यांत दुपारी दोन ते चार ठोकाठोकीला मनाई असते, आणि जुना फोम उचकटला की त्याची पिवळी भुकटी घरभर उडते. ज्या सोफ्यात फक्त सुट्या गाद्या आहेत तो घरीच करावा. ज्याचे हात आणि पाठ पूर्ण कापडाने मढवलेली आहेत, किंवा ज्याच्या लाकडाला पॉलिशही करायचे आहे, तो कारखान्यात देणे सोयीचे पडते.

कारागिराचे कसब पाहायचे असेल तर त्याच्या मोबाइलमधली छायाचित्रे बाजूला ठेवून, त्या क्षणी त्याच्याकडे चालू असलेले एखादे काम दाखवायला सांगावे. तिथे दोन ठिकाणी नजर टाकावी. हातांच्या पुढच्या गोलाईवर चुण्या सारख्या अंतरावर आणि एकाच दिशेने पडल्या आहेत का, आणि सोफ्याच्या खालच्या बाजूला पिना सरळ रेषेत आहेत की जिथे कापड पोहोचले तिथे मारलेल्या आहेत. खालची बाजू गिऱ्हाईक पाहत नाही हे ठाऊक असूनही जो ती नीट करतो, त्याच्यावर आतल्या कामासाठीही भरवसा ठेवता येतो.

पट्टे आणि स्प्रिंगा

जुन्या सोफ्यांत सीटखाली नवारीचे पट्टे आडवे-उभे विणलेले असत आणि त्यावर गोणपाट असे. नंतरच्या सोफ्यांत नागमोडी, म्हणजे झिगझॅग स्प्रिंगा किंवा रबरी इलॅस्टिक पट्टे आले. नवार सैल पडली असेल तर ती पूर्ण बदलावी, पुन्हा ताणून चालवण्याचा सल्ला ऐकू नये. त्या कामातली बचत किरकोळ असते आणि सहा महिन्यांत सीटमध्ये पुन्हा खड्डा पडतो. झिगझॅग स्प्रिंग तुटलेली नसेल तर सहसा चालते, फक्त तिला धरणाऱ्या क्लिपा नव्या बसवाव्यात. सुट्या गाद्यांच्या लाकडी सोफ्यात गादीखाली प्लायवुड असेल, तर त्याला हवेसाठी भोके आहेत का ते पाहावे, नसतील तर पाडून घ्यावीत. भोके नसली की गादी दमट हवेत घामेजते आणि माणूस बसला की आतली हवा शिवणीतून फुस्स करून बाहेर पडते.

फोम: इथे घाई करू नये

दुकानात फोमची ओळख दोन आकड्यांनी होते, इंचांतली जाडी आणि डेन्सिटी. डेन्सिटी म्हणजे घनता, अर्थात एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. ३२ डेन्सिटीचा फोम म्हणजे एका घनमीटरला ३२ किलो. या आकड्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो फोम किती कडक आहे ते सांगतो. तसे नाही. तेवढ्या जागेत किती माल भरला आहे, म्हणजे फोम आपला आकार किती वर्षे धरून ठेवील, हे घनता सांगते. कडक की मऊ हा वेगळा गुण आहे आणि एकाच घनतेत दोन्ही प्रकार मिळतात. म्हणून मागणी करताना ‘४० डेन्सिटी, मध्यम’ असे दोन्ही गुण सांगावेत. नुसते ‘कडक द्या’ म्हटले की हलक्या घनतेचा पण कडक केलेला फोम हाती येऊ शकतो, जो दुकानात दाबून पाहताना उत्तम वाटतो आणि वर्षभरात बसतो.

रोजच्या वापरातल्या सीटसाठी ४० डेन्सिटीचा फोम घ्यावा, सुट्या गादीला ४ इंच आणि खाली सपाट प्लायवुड असेल तर ५ इंच जाडीचा. पाठीवर माणसाचा पूर्ण भार येत नाही, तिथे २८ ते ३२ डेन्सिटीचा मऊ फोम पुरतो आणि खरे तर जास्त सुखावतो. हातांवर इंचभर पुरे. एचआर म्हणून जो फोम मिळतो तो जास्त लवचीक असतो, दाब काढताच चटकन पूर्ववत होतो आणि महाग असतो. ऐपत असेल तर सीटपुरता जरूर घ्यावा. रिबाँडेड हा फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून, चिकटवून केलेला जड प्रकार आहे. घरात गुडघेदुखीची ज्येष्ठ मंडळी असतील, तर खाली एक इंच रिबाँडेड आणि वर तीन इंच साधा फोम अशी गादी करून घ्यावी, कारण मऊ सीटमध्ये रुतून बसलेल्या आजींना उठवताना दोघांचे हात लागतात.

आता ती पहिल्या खेपेची हकीकत. बिलावर ४० डेन्सिटी लिहिले होते, पैसेही त्याचेच घेतले होते, आणि चौदा महिन्यांत मधल्या सीटला खळगा पडला. चेन उघडून पाहिले तर गादी एकसंध नव्हती. तीन उरलेले तुकडे सोल्यूशनने, म्हणजे फोम चिकटवायच्या गोंदाने, जोडून वर इंचभर नवा थर दिला होता. गादी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, तेव्हा नऊशे ग्रॅमसुद्धा भरली नाही.

तेव्हापासून मी हा काटा फोमसाठी वापरते, आणि प्रत्येकाने वापरावा असे सुचवेन. हिशोब अवघड नाही. २२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि ४ इंच जाड गादी म्हणजे सुमारे ०.०३१७ घनमीटर. याला घनतेने गुणले की वजन मिळते. फोम ४० डेन्सिटीचा असेल तर ती गादी १ किलो २७० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे, ३२ चा असेल तर १ किलो १५ ग्रॅम, आणि २८ चा असेल तर ८९० ग्रॅमच्या जवळपास. कापण्यातल्या फरकामुळे थोडे इकडे-तिकडे होईल, पण ४० च्या पैशांत २८ चा फोम आला असेल तर काटा ते लगेच सांगतो. वजन अभ्रा चढवण्यापूर्वी, नुसत्या फोमचे करावे, आणि जोडही त्याच वेळी पाहून घ्यावेत. रिबाँडेडचा थर घातला तर वजन वाढते आणि हा हिशोब लागू होत नाही.

आणखी दोन बारकावे. फोम अभ्र्यापेक्षा लांबी-रुंदीला अर्धा इंच मोठा कापायला सांगावा, म्हणजे गादी टम्म भरलेली दिसते आणि कोपरे रिकामे लोंबत नाहीत. आणि फोमभोवती पॉलिस्टर तंतूंची पातळ चादर, जिला बाजारात सरसकट रेक्रॉन म्हणतात, ती गुंडाळायला सांगावी. तिच्यामुळे कडा गोलसर होतात आणि कापड थेट फोमवर घासले जात नाही.

कापड

सोफ्याचे कापड ५४ इंच पन्ह्याचे येते. पडद्याचे कापड बहुधा ४८ इंचांचे आणि वीणही हलकी असते, त्यामुळे ‘रंग आवडला म्हणून पडद्याचेच सोफ्याला लावू’ हा मोह टाळावा. चांगल्या कंपन्यांच्या नमुना-पुस्तकात प्रत्येक कापडामागे मार्टिनडेल नावाचा आकडा छापलेला असतो. कापडाचा नमुना यंत्रात ठरावीक दाबाखाली घासत राहायचा आणि किती फेऱ्यांनंतर त्याचा धागा तुटतो ते मोजायचे, अशी ती चाचणी आहे. घरातल्या रोजच्या वापराला १५,००० ते २५,००० फेऱ्यांचे कापड चालते. मुले, पाहुणे आणि दुपारची झोप सगळे त्याच सोफ्यावर असेल तर २५,००० च्या पुढचे घ्यावे.

पुस्तकाबाहेरच्या, ताग्यावरून फाडून मिळणाऱ्या कापडावर असा आकडा नसतो. तिथे तीन गोष्टी हाताने करून पाहाव्यात. पांढरा रुमाल ओला करून कापडावर वीसेक वेळा जोराने घासावा. रुमालाला रंग लागला तर उद्या तो पाहुण्यांच्या कपड्यांना लागणार आहे. कापलेल्या कडेजवळ दोन्ही अंगठ्यांनी उलट दिशांना ओढावे. धागे सरकून फट पडत असेल तर हेच शिवणीजवळ होईल, आणि ज्यूटसारख्या दिसणाऱ्या सैल विणीच्या कापडांत हा दोष हमखास आढळतो. तिसरे म्हणजे, वीतभर नमुना घरी आणून दोन दिवस सोफ्यावर टाकून ठेवावा. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली राखाडी दिसलेले कापड घरच्या पिवळ्या दिव्यात चिखली दिसू शकते.

प्रकारांविषयी माझी मते स्पष्ट आहेत. चेनिल, म्हणजे लवदार धाग्यांचे कापड, मऊ आणि दिसायला भारदस्त असते, पण मांजर असलेल्या घरात त्याचे धागे महिनाभरही शाबूत राहत नाहीत. मांजराला नखे अडकवायला वाव न देणारे घट्ट, गुळगुळीत मोल्फिनोसारखे कापड तिथे बरे. सुती कापड उन्हाळ्यात थंड लागते, मात्र ते आटते. सुट्या अभ्र्यांसाठी घेतले तर शिवण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवावे. रेक्झीन हे मूळचे मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या ब्रिटिश कंपनीचे व्यापारी नाव, जे आपल्याकडे सगळ्याच नकली चामड्याला चिकटले. त्यातल्या पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा, लेप दिलेल्या प्रकाराविषयी कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी विशेष सावध असावे. दमट हवेत त्या लेपाचे विघटन होत जाते आणि काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटू लागतात, बसून उठणाऱ्याच्या पाठीला काळे कपटे चिकटतात. त्यावर कोणताही दुरुस्तीचा उपाय नाही.

व्हेल्व्हेट घेणाऱ्यांना लव, म्हणजे कापडावरचे बारीक उभे तंतू एका बाजूला झुकलेले असतात ते, ठाऊक असायला हवी. व्हेल्व्हेटवरून एका दिशेने हात फिरवला तर ते उजळ दिसते, उलट फिरवला तर गडद. प्रत्येक तुकड्याची लव एकाच दिशेने, सहसा वरून खाली आणि मागून पुढे, ठेवून कापावे लागते. आमच्या पहिल्या खेपेच्या कारागिराने कापड वाचवण्यासाठी एक तुकडा फिरवून कापला, आणि पाच सीटपैकी एक सीट कायम ओली असल्यासारखी दिसत राहिली. येणारा प्रत्येक जण ‘इथे पाणी सांडले का?’ असे विचारून दुसरीकडे बसत असे.

कापड किती लागेल

कारागीर सांगेल तेवढे कापड आणून देण्याआधी एकदा स्वतः हिशोब मांडावा. वर सांगितलेल्याच २२ × २२ × ४ इंचांच्या गादीचे उदाहरण घेऊ. वरचा आणि खालचा चौकोन, दोन्हीकडची अर्धा-अर्धा इंच शिवण धरून, प्रत्येकी २३ इंचांचा होतो. ५४ इंच पन्ह्यात असे दोन चौकोन शेजारी बसतात, म्हणजे त्यांना २३ इंच लांबीचे कापड लागले. कडेची पट्टी शिवणीसह ५ इंच रुंद आणि चारही बाजू मिळून सुमारे ९० इंच लांब हवी. पन्ह्यात आडव्या दोन पट्ट्या काढल्या की ती भागते, म्हणजे आणखी १० इंच. चेन बसवायचे तुकडे चौकोनांच्या बाजूला उरलेल्या ८ इंचांतून निघतात. एका गादीला ३३ इंच. पाच सीट आणि त्याच मापाच्या पाच पाठी अशा दहा गाद्यांना ३३० इंच, म्हणजे सुमारे ८.४ मीटर. पायपिंग, म्हणजे शिवणीवर बसवलेली दोरीसारखी गोल कड, आणि कापताना जाणारे कापड यांसाठी दहा टक्के वाढवले की सव्वानऊ मीटर होतात. कोणी याच सोफ्याला चौदा मीटर सांगितले, तर कुठे लागतात ते कागदावर दाखवायला सांगावे.

मोठी फुले किंवा पट्टे असलेल्या कापडाला हा हिशोब पुरत नाही. प्रत्येक सीटच्या मधोमध तेच फूल यायचे असेल, तर दोन फुलांमधले अंतर पाहून १५ ते २० टक्के कापड जास्त धरावे. पूर्ण मढवलेल्या सोफ्याला हात, पाठीची मागची बाजू आणि खालची पट्टी यांचे कापड वाढते; तिघांच्या तशा एका सोफ्यालाच दहा ते बारा मीटर लागू शकतात. सगळे कापड एकाच ताग्यातून घ्यावे, कारण दुसऱ्या ताग्याचा रंग किंचित वेगळा असू शकतो, आणि अर्धा मीटर जास्त घेऊन ठेवावे.

कागदावर काय असावे

मजुरी बहुधा सीटमागे ठरते, म्हणून तिघांचा एक आणि एकेरी दोन म्हणजे पाच सीट. एल आकाराच्या सोफ्यात कोपऱ्याची सीट किती धरणार, हे आधीच विचारावे, कारण भांडणे नेमकी तिथे होतात. कापड, फोम, मजुरी, सुतारकाम, पॉलिश आणि टेम्पो यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. ‘सगळे मिळून एवढे’ असा एकच आकडा सोयीचा वाटतो, पण त्यात फोमचा दर्जा कुठे घसरला ते कधीच कळत नाही. मग एका कागदावर, मोबाइलवरच्या संदेशात लिहिले तरी चालेल, असे काहीतरी लिहून दोघांनी मान्य करावे:

‘पाच सीट, ४ इंच, ४० डेन्सिटी, मध्यम, बिनजोड नवा फोम, वर रेक्रॉन. पाच पाठी, ४ इंच, ३२ डेन्सिटी, मऊ. सर्व अभ्र्यांना मागच्या बाजूला चेन. नवार पूर्ण नवी. कापड गिऱ्हाइकाचे, सव्वानऊ मीटर, उरलेले परत. पॉलिश कापडाआधी. बारा दिवसांत ताबा. शिवण किंवा पट्टा सुटल्यास सहा महिने विनामूल्य दुरुस्ती.’

आगाऊ रक्कम सामानापुरती द्यावी, निम्म्याहून जास्त नको, आणि शेवटचा हप्ता सोफा घरात येऊन तपासून झाल्यावरच द्यावा.

दिवस कोणते निवडावेत, यालाही महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या आधीचे दीड-दोन महिने या धंद्याची सुगी असते आणि त्या दिवसांतले काम घाईचे होते. कारागिरांपैकी बरेच जण उत्तर प्रदेश-बिहारचे असतात. ईदला किंवा दिवाळी-छटपूजेच्या सुमारास ते गावी गेले की अर्धे उघडलेले सोफे कारखान्यात पडून राहतात. भर पावसात पॉलिश आणि सोल्यूशन वाळायला वेळ लागतो. जानेवारी-फेब्रुवारी हे मला सर्वांत निवांत आणि कोरडे दिवस वाटतात.

सोफा उघडताना आणि चढवताना

सोफा टेम्पोत चढवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, सीटच्या फटींत हात घालून नाणी, कानातले, रिमोटचे झाकण काढून घ्यावे, आणि दरवाजा, जिना, लिफ्ट यांची मापे घ्यावीत. नव्या फोमने सोफा थोडा फुगतो. जाताना कसाबसा गेलेला सोफा येताना दारात अडकल्याचे मी पाहिले आहे.

जुने कापड उचकटतील त्या दिवशी तिथे स्वतः हजर राहावे, कारखाना लांब असला तरीही. सांगाड्याची खरी स्थिती त्याच तासाभरात कळते, जास्तीच्या सुतारकामाचा आकडा तिथेच डोळ्यांसमोर ठरवता येतो, आणि ‘उघडल्यावर लाकूड सडलेले निघाले, आणखी एवढे लागतील’ हा फोन टळतो. जुने कापड फेकू देऊ नये; तुकडे नीट सुटे केले असतील तर कापण्यासाठी तेच सर्वांत खात्रीचे माप असते.

यानंतर कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी सांधे आणि सुतारकाम, मग पॉलिश, कारण नवे कापड चढल्यावर पॉलिश केले तर त्याचे डाग कडेला उमटल्याशिवाय राहत नाहीत. मग पट्टे, त्यावर गोणपाट किंवा जाड अस्तर, मग फोम. मढवलेल्या सोफ्यात कापड आधी सीटला, मग हातांच्या आणि पाठीच्या आतल्या बाजूंना, नंतर बाहेरच्या बाजूंना आणि सर्वांत शेवटी खालचे काळे कापड असे चढते. म्हणून पट्टे आणि फोम पाहायचे असतील तर कापड चढण्याआधीचा दिवस गाठावा. काटा त्याच दिवशी सोबत न्यावा. लोक हसतील, हसू द्यावे.

ताब्यात घेताना

दिवसाच्या उजेडात ताबा घ्यावा. प्रत्येक सीटवर स्वतः बसून पाहावे, काठावरही, कारण पुढची लाकडी पट्टी मांडीला टोचत असेल तर तिथे फोम कमी पडला आहे. पट्ट्यांचे कापड असेल तर सीटवरची रेघ पाठीवरच्या रेघेला मिळते का ते दोन पावले मागे जाऊन पाहावे. पायपिंग सरळ आहे का, चेन अडकत नाही ना, बटणे ओढली तर हलतात का, पाय चारही टेकतात का, हे पाहून झाले की सोफा आडवा करून खालची बाजू पाहावी. एखादी पिन बाहेर आलेली असेल तर हात फिरवताना ती कापते, म्हणून बोटांऐवजी जुना मोजा फिरवावा. पिन त्यात अडकते. उरलेले कापड मोजून परत घ्यावे.

पहिले महिना-दीड महिना फोम थोडा मवाळ होतो आणि कापड किंचित सैलावते, ते स्वाभाविक आहे. दर पंधरवड्याला गाद्यांची जागा आणि बाजू बदलत राहावे, म्हणजे टीव्हीसमोरची एकच सीट दबत नाही. पावसाळ्यात सोफा भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावा, नाहीतर ओल धरलेल्या भिंतीची बुरशी पाठीच्या कापडावर उतरते. चेन आहे म्हणून अभ्रे यंत्रात धुवायला टाकू नयेत. आधी शिलकीतला वीतभर तुकडा धुऊन, वाळवून, मोजून पाहावा.